मिरजेतील ज्येष्ठांचा समूहगायन वर्ग : दोन वर्षांच्या अनुभवावरून

मिरजेत ज्येष्ठ नागरिकांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत एक समूहगायन वर्ग भरतो. मी आणि माझी पत्नी गेली दोन वर्षे या वर्गाला जात आहोत. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पत्नीची उजवी बाजू अधू झाली असून तिला वाचाघात झालेला आहे. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. समोरचा काय बोलतो ते तिला बहुतांशी कळते, आपल्याला काय सांगायचे आहे तेही तिला ठाऊक असते, पण शब्द ओठांवर येत नाहीत. अशा रुग्णांच्या घरच्या मंडळींनी, तसेच दम्याने, कंपवाताने किंवा नुसत्या एकटेपणाने खचलेल्या ज्येष्ठांच्या मुलासुनांनी या वर्गाबद्दल मला वेळोवेळी विचारले आहे. प्रत्येकाला फोनवर थोडे थोडे सांगण्यापेक्षा जे पाहिले ते एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा मजकूर. वर्ग चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो आणि येथेही तेवढाच उल्लेख करणार आहे, कारण आपले नाव कोठे छापून आलेले त्यांना आवडत नाही.

या वर्गात येण्यापूर्वी आम्ही एका भजनी मंडळात जाऊन पाहिले होते. पत्नी झटक्यापूर्वी पंधरा वर्षे भजन म्हणत असे आणि टाळही चांगला वाजवत असे, त्यामुळे तिला आपल्या माणसांत नेऊन बसवले तर बरे वाटेल, असा माझा समज होता. नेमकी त्या मंडळाची स्पर्धेची तयारी चालू होती. पहिल्या दिवशी तिला मोठ्या प्रेमाने पुढे बसवले, दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेत जागा दिली आणि तिसऱ्या आठवड्यात एका बाईंनी तिला सांगितले, "वहिनी, तुम्ही नुसतं ऐका, म्हणू नका, बाकीच्यांचा ताल चुकतो." वाचाघात झालेल्या माणसाला बोलता येत नाही म्हणजे ऐकलेलेही कळत नाही, अशी अनेकांची समजूत असते. तिला ते पूर्णपणे कळले होते. घरी आल्यावर तिने डाव्या हाताने पिशवीतला टाळ काढला आणि कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवले. पुढचे चार महिने तो तेथेच राहिला. त्या मंडळातील कोणीही वाईट नव्हते; स्पर्धेत उतरणाऱ्या मंडळाला चुकणारा सूर परवडत नाही, हे मी समजू शकतो. पण आजारी माणसाला एखाद्या गाणाऱ्या गटात न्यायचे असेल, तर हा गट व्यासपीठासाठी गातो की एकत्र बसण्यासाठी गातो, एवढी चौकशी आधी करावी, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो आहे.

मिरजेत असा वर्ग निघावा यात मला फार नवल वाटत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतले आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातले रुग्ण उपचारांसाठी मिरजेला येत आले आहेत. दुसरीकडे, हे तंतुवाद्यांचे गाव आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब येथे स्थायिक झाले, आणि १९३७ मध्ये ते गेल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात गायन-वादनाची हजेरी लावण्याची रीत आजही चालू आहे. येथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दवाखान्यात दाखवायला आलेला माणूस आणि तंबोरा न्यायला आलेला गवई एकाच स्थानकावर उतरतो असे हे गाव आहे. या दोन गोष्टी एका खोलीत आणाव्यात असे कोणाला तरी सुचायलाच हवे होते, आणि ते ताईंना सुचले.

वर्गात विजेवरचा तंबोरा नाही, खरा आहे. वाद्ये तयार करणाऱ्या घराण्यातले एक चाचा वर्गाचे सभासद आहेत. त्यांनी दुरुस्तीला आलेला आणि मालकाने परत न नेलेला एक जुना तंबोरा वर्गाला दिला. पहिल्याच दिवशी आम्ही वेळेआधी पोहोचलो होतो आणि चाचा जवारी लावत बसले होते. ज्यांनी हे काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण असते, त्यावर घोडी, म्हणजे तारांना आधार देणारी पट्टी असते आणि तारा तिच्या किंचित उतरत्या पाठीवरून जातात. प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा घालून तो केसाएवढा मागेपुढे सरकवत राहायचे. दोरा चुकीच्या जागी असेपर्यंत तार नुसती वाजते. योग्य जागी आला की तीच तार एकदम उघडते आणि तिच्यातून आणखी सूर ऐकू येऊ लागतात. पत्नी समोरच्या खुर्चीवर बसून हे एकटक पाहत होती. चाचांनी तिच्याकडे पाहिले, तंबोरा थोडा तिच्या बाजूला कलता केला आणि म्हणाले, "भाभी, हात ठेवा." तिने डावा तळवा भोपळ्यावर ठेवला आणि चाचांनी चारही तारा छेडल्या. तिचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. त्या वेळी माझ्या मनात एवढेच आले, की येथे तिला कोणी गप्प बसायला सांगणार नाही.

आता वर्गाच्या प्रत्यक्ष स्वरूपाविषयी. साधारण पंचवीस ते तीस जण येतात, त्यांत पुरुष सात-आठच असतात. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोठ्या, ठळक अक्षरांत छापलेले कागद असतात, कारण मोतीबिंदू झालेल्यांना वहीतले बारीक अक्षर लागत नाही. पहिली वीस मिनिटे गाणे नसते. खांदे सैल सोडणे, मान सावकाश फिरवणे, नाकाने श्वास घेऊन तो पोटापर्यंत जाऊ देणे आणि मग ओठ मिटून गुंजन करणे, असा क्रम असतो. त्यानंतर सगळे मिळून षड्ज, म्हणजे 'सा', लावतात. ताई घड्याळ लावून कोणाचा श्वास किती टिकला ते मोजत नाहीत. ज्याचा संपेल त्याने थांबावे, श्वास घ्यावा आणि पुन्हा मिसळावे, असे सांगतात. कोणी ना कोणी गातच असल्यामुळे एकत्रित सूर तुटत नाही. दमेकरी माणसाला यातून किती धीर येतो, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

पट्टीच्या बाबतीत, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला 'सा' मानून गायचे याबाबत, ताईंचा विचार मला विशेष आवडला. बायका काळी चारच्या आसपास गातात, पुरुष काळी एकच्या, आणि वय वाढते तसे दोघांनाही वरचे सूर जड जातात. बहुतेक भजनी मंडळांत पेटीवाल्याला सोयीची पट्टी धरली जाते आणि बाकीच्यांची ओढाताण होते. येथे पांढरी चार धरतात आणि तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, फारशी न जाणारी पदे निवडतात. त्यामुळे पुरुषांना थोडे वर आणि बायकांना थोडे खाली जावे लागते, पण कोणाचीही नस ताणली जात नाही. दर वेळी दोन-तीन परिचयाची पदे असतात आणि नव्या पदाच्या फक्त दोन ओळी घेतात. कोणी चुकले तर त्याचे नाव घेत नाहीत, ती ओळ सगळ्यांकडून पुन्हा म्हणून घेतात. शेवटी पसायदान आणि मग चहा. या चहाला निदान अर्धा तास लागतो, आणि काही सभासद मुख्यतः त्यासाठीच येतात हे ताईंना माहीत आहे. त्यांनी त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

पत्नीला टाळ वाजवता येत नव्हता, कारण त्याला दोन हात लागतात. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी तिच्या डाव्या हातात चिपळी दिली. चिपळीचे दोन्ही तुकडे एकाच हातात धरायचे असतात; एकाच्या कडीत अंगठा आणि दुसऱ्याच्या कडीत बोटे अडकवायची, आणि हात उघडायचा-मिटायचा. एका हाताच्या माणसाला पूर्ण ताल धरता येईल असे हे वाद्य आमच्या घरात देवासमोर वर्षानुवर्षे होते आणि ते मला सुचले नव्हते. पहिल्या दिवशी ती दोनदा हातातून पडली. शेजारच्या आजींनी दोन्ही वेळा ती उचलून दिली आणि गाणे थांबले नाही.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक पाळणा घेतला होता. तोपर्यंत पत्नीकडे बोलण्यासाठी 'नको' आणि 'बाई गं' असे दोनच शब्द होते आणि भूक, राग, आनंद, दुखणे हे सगळे ती त्या दोन शब्दांतच सांगत असे. पाळण्याचे पहिले कडवे झाले, दुसरे सुरू झाले, आणि माझ्या डाव्या कानाशी मला तिचा आवाज ऐकू आला. गुणगुणणे नव्हे, शब्द. पूर्ण ओळ, जोडाक्षरांसकट, हातातल्या कागदाकडे न पाहता. आमच्या दोन्ही मुलांना तिने हाच पाळणा म्हणून निजवले होते. मी वळून पाहिले नाही. वळलो तर ती थांबेल अशी भीती वाटली. चिपळीही तालातच वाजत होती. कडवे संपल्यावर तिने स्वतःच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाई गं."

घरी जाताना रिक्षात मी तिला विचारले, "काय म्हणालीस तू मघाशी?" तिने तोंड उघडले, प्रयत्न केला, आणि एकही शब्द आला नाही. तिला रडू कोसळले. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर 'गाण्याने वाचा परत आली' अशा चित्रफिती फिरतात आणि त्या पाहून लोक आशेने येतात. झाले काय होते, ते दुसऱ्या दिवशी तिच्या स्पीच थेरपिस्टने मला समजावून सांगितले. बोलण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत मुख्यतः डाव्या भागात चालते आणि तिचा नेमका तोच भाग झटक्यात दुखावला आहे. गाण्याच्या कामात मात्र उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो. शिवाय लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेल्या गाण्याचे शब्द आपण एकेक शोधून जुळवत नाही. ते चालीला धरून माळेसारखे आपोआप बाहेर येतात. त्यामुळे पाळणा म्हणता येतो आणि 'पाणी दे' म्हणता येत नाही. गाता येणे ही बोलता येण्याची हमी नाही, पण त्या वाटेने काही करून पाहता येते, असे त्या म्हणाल्या.

ती वाट नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनमध्ये वाचाघाताच्या रुग्णांसाठी मेलोडिक इंटोनेशन थेरपी नावाची पद्धत मांडली गेली. रोजच्या वापरातले छोटे वाक्य दोन सुरांत बसवायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा, प्रथम थेरपिस्टबरोबर गायचे, मग एकट्याने, आणि पुढे चाल हळूहळू कमी करत ते वाक्य बोलण्यापर्यंत आणायचे. समजण्याची शक्ती शाबूत आहे पण उच्चार अडतो, अशा रुग्णांसाठी ती अधिक योग्य मानली जाते, आणि जी वाक्ये घोटली जातात ती सुधारतात, एरवीचे बोलणे तेवढ्या प्रमाणात सुधारेलच असे नाही. आमच्या थेरपिस्टने पत्नीसाठी 'चहा हवा', 'बाहेर जाऊ', 'दुखतंय' अशी नऊ वाक्ये निवडली. ताईंनी ती कागदावर उतरवून घेतली आणि तेव्हापासून वर्गाच्या सुरुवातीच्या वीस मिनिटांत, कोणासाठी आहे हे न सांगता, 'चहा हवा' सगळ्यांकडून सा आणि ग वर म्हणून घेतात. तीस माणसे मांडीवर ठेका देत चहा मागतात तेव्हा पत्नी त्यांतलीच एक असते. आठव्या महिन्यात एके सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, डाव्या हाताने चौकटीवर ठेका दिला आणि सुनेला म्हणाली, "चहा हवा." चाल अजून होती. आजही थोडी आहे. नऊपैकी सहा वाक्ये ती आता म्हणते. याचे श्रेय एकट्या वर्गाला देणे थेरपिस्टवर अन्याय करणारे होईल आणि एकट्या थेरपीला देणे वर्गावर.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी वाचाघाताच्या पन्नासहून अधिक रुग्णांना चार महिने समूहगायन करायला लावून त्याचा अभ्यास केला. रुग्णांचा संवाद सुधारला, लोकांत मिसळणे वाढले, आणि घरी त्यांची काळजी घेणाऱ्यांवरचा ताणही कमी झाला, असे त्यांना आढळले. यातला शेवटचा मुद्दा मी तीनदा वाचला. सेवा करणाऱ्याची विचारपूस फारसे कोणी करत नाही. घरी आलेला पाहुणा आजारी माणसाची चौकशी करतो आणि आपल्याला "तुम्ही आहात म्हणून बरं" म्हणून निघून जातो. मंगळवारी आणि शुक्रवारी दीड तास मी पत्नीच्या औषधांच्या वेळा, पायाची मालीश, बँकेचे आणि विम्याचे कागद यांतला काहीही विचार करत नाही. तिच्या शेजारी बसून तीच ओळ मीही म्हणत असतो. गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून केलेली ती एकमेव गोष्ट होती, जिच्यात एक जण मदत करणारा आणि दुसरा मदत घेणारा नव्हता.

वर्गातील इतरांविषयी थोडक्यात लिहितो. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, कोविडनंतर त्यांचा दम पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्यांच्या मुलाने मला विचारले होते, की गाण्याने फुप्फुसे सुधारतात का. इंग्लंडमध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संगीतनाट्य संस्थेने इंपीरियल कॉलेजच्या रुग्णालयांबरोबर २०२० मध्ये दीर्घ कोविडच्या, म्हणजे कोविडनंतरही त्रास चालू राहिलेल्या रुग्णांसाठी 'ईएनओ ब्रीद' हा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला होता. त्यात गायनशिक्षक सहा आठवडे श्वासाचे व्यायाम आणि अंगाई गीते शिकवत. १५० रुग्णांवर त्याची चाचणी घेतली गेली आणि २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मानसिक स्वास्थ्यात आणि धाप लागण्याच्या काही मापांत सुधारणा दिसली, शारीरिक स्वास्थ्याच्या गुणांत मात्र तशी दिसली नाही. मी त्या मुलाला हेच सांगितले, की धाप लागल्यावर घाबरून न जाता श्वास कसा सांभाळायचा हे बाबा येथे शिकतील, पण इनहेलर आणि डॉक्टरांकडच्या तपासण्या सोडायच्या नाहीत. त्याच देशातल्या केंट परगण्यात साठीपुढच्या २५८ जणांचा अभ्यास झाला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही दर आठवड्याला एकत्र गाणाऱ्यांचे मन न गाणाऱ्यांपेक्षा अधिक स्वस्थ आढळले. आपल्याकडच्या बायकांना हे सांगण्यासाठी केंटपर्यंत जावे लागले नसते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या, त्यांत सासरचा जाच, माहेरची ओढ, पोरांची काळजी, सगळे दळता दळता मोकळे केलेले आहे. कवठेमहांकाळकडच्या एक आजी वर्गात आहेत. ऐंशी ओलांडलेल्या, विधवा, मुलगा पुण्यात. त्यांना छापील कागद वाचता येत नाही. ताईंनी महिन्यातला एक शुक्रवार त्यांच्या ओव्यांसाठी ठेवला आहे. आजी ओवी घालतात आणि शेवटचा चरण आम्ही सगळे उचलतो. त्या दिवशी आजी इस्त्रीचे लुगडे नेसून येतात.

हजेरीची वही ही मला या वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ती शिस्तीसाठी नाही. लागोपाठ दोन वेळा कोणी आले नाही, तर त्याच गल्लीत किंवा जवळ राहणारा सभासद त्याच्या घरी जाऊन येतो. गेल्या पावसाळ्यात एकट्या राहणाऱ्या एक काकू अशाच दोनदा आल्या नाहीत. घरी गेलेल्यांना त्या तापाने फणफणलेल्या आणि दोन दिवसांच्या उपाशी आढळल्या. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे त्या आज पुन्हा दुसऱ्या रांगेत बसतात. कोणत्याही रागाला या गोष्टीचे श्रेय देता येणार नाही, पण एकत्र गाण्याचे निमित्त नसते तर ही वही निघाली नसती.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे. वर चढताना तो उजवीकडे येतो, म्हणजे उजवी बाजू गेलेल्या माणसाच्या नेमक्या निकामी हाताला. बावीस पायऱ्या चढायला आम्हाला दहा मिनिटे लागतात आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर येताच येत नाही. ज्यांना या वर्गाची सर्वाधिक गरज आहे तेच जिन्याच्या तळाशी अडतात. मी हे दोन वर्षांत अनेकदा बोललो आहे आणि प्रत्येक वेळी तळमजल्यावरच्या हॉलचे भाडे परवडत नाही, असे उत्तर मिळाले आहे. सभासदांनी महिना शंभर रुपये जास्त दिले तर हे जमू शकेल असा माझा हिशेब आहे. आजारी माणसांसाठी चालणाऱ्या वर्गाने याकडे आणखी दुर्लक्ष करू नये.

दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. काही सभासदांच्या आग्रहाखातर सणावारी माइक लावला जातो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्याचा अतिशय त्रास होतो, वाचाघाताच्या माणसाला गोंगाटात शब्द वेगळे करणे अवघड जाते, आणि मुख्य म्हणजे माइकपाशी असणारे तिघेच ऐकू येतात. तीस माणसांच्या खोलीत त्याची काही गरज नाही.

तिसरी गोष्ट मी अधिक काळजीपूर्वक लिहितो. वर्गात म्हटली जाणारी पदे बहुतांशी अभंग, गवळणी आणि आरत्या आहेत. मला आणि पत्नीला ती प्रिय आहेत आणि लहानपणापासून मुखात असल्यामुळे तिच्यासारख्या रुग्णाला तीच उपयोगी पडतात. परंतु ज्या तंबोऱ्यावर आम्ही गातो तो चाचांनी दिलेला आहे, आणि त्यांच्या लहानपणी त्यांच्या मुखात जे होते ते वर्गात दीड वर्ष कोणी विचारले नव्हते. मिशनच्या रुग्णालयात नोकरी केलेल्या एक निवृत्त परिचारिकाही येतात, त्यांचेही तेच. उद्या यांच्यापैकी कोणाला झटका आला, तर त्यांना परत आणणारे गाणे आमच्यापैकी कोणाला येत नसेल. मी हे ताईंशी बोललो. त्यांनी पुढच्याच आठवड्यात चाचांना त्यांच्या आईची अंगाई म्हणायला सांगितली, आणि नाताळच्या सुमारास परिचारिका बाईंनी मराठीतली एक उपासनागीताची चाल सगळ्यांना शिकवली. सुरुवात चांगली झाली आहे; ती प्रसंगापुरती न राहता नेहमीच्या कागदांत यावी अशी माझी अपेक्षा आहे.

उन्हाळ्यात पाचची वेळ फार उन्हाची होते, एप्रिल-मेमध्ये ती सहाची करावी. एवढे सोडले तर व्यवस्थेविषयी माझी तक्रार नाही. वर्गणी महिना दोनशे रुपये आहे, सोबत येणाऱ्याकडून काही घेत नाहीत, आणि पहिले चार वेळा नुसते येऊन बसता येते. गाणे यायलाच हवे अशी अट नाही. कंपवात असलेल्यांना तालाला धरून पाय उचलण्याचा सराव ताई वेगळा करून घेतात, पण त्यासाठी घरचे कोणी तरी शेजारी उभे राहायला हवे. ज्यांना शास्त्रीय संगीत रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यातल्या माणसाला दीड तास बसवणे जड जाते, त्यांच्यासाठी पाऊण तासाने उठून जाण्याची मुभा आहे. झटका नुकताच आलेला असेल, तर डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला विचारून मगच यावे, आणि शक्य झाल्यास थेरपिस्टने दिलेली वाक्ये कागदावर लिहून ताईंकडे द्यावीत.

वाद्ये वर्गात आहेत, पण चिपळ्या मोजक्याच असल्यामुळे आपल्या घरून आणलेल्या बऱ्या. आम्ही आमच्या चिपळ्या आषाढीनंतर पंढरपूरहून आणल्या. घेताना अंगठ्याची कडी हातात घालून पाहावी. सुजलेल्या बोटांना नेहमीच्या मापाची कडी बसत नाही, आणि एकाच हाताने वाजवायची असल्याने ती सैल असूनही चालत नाही. पत्नीने चौथी जोडी पसंत केली, दुकानदाराला हात उघडून-मिटून वाजवून दाखवली आणि डाव्या हातानेच पिशवीत टाकली.